थॅलेसेमिया: प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी घटत असताना अंगावर पुरळ

प्रश्न (एक आई, सांगली)

माझ्या सात वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर (सतत रक्त चढवावे लागणारा आनुवंशिक रक्तविकार) आहे. धाकट्या भावाचा एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळवायचा ऊतींचा प्रकार) पूर्ण जुळला आणि तो मायनर (थॅलेसेमियाचा केवळ वाहक) असूनही दाता म्हणून चालतो असे सांगितल्यावर त्याच्याच बोन मॅरोने तिचे प्रत्यारोपण झाले. आता तिसरा महिना चालू आहे आणि अलीकडे रक्त चढवावे लागलेले नाही. मात्र कायमेरिझमच्या (रक्तात दात्याच्या पेशी किती, हे पाहणाऱ्या) तपासणीत दात्याच्या पेशी आधी ९६ टक्के होत्या, त्या आता ८२ टक्क्यांवर आल्या आहेत, आणि कालपासून तिच्या तळहातांवर व कानांमागे लालसर पुरळ उठून खाज येते आहे. दात्याच्या पेशी घटल्या तर सायक्लोस्पोरीन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) कमी करतात आणि जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला) असेल तर उलट असे दाबणारे उपचार वाढवतात, असे वाचले. दोन्ही एकदम झाले तर डॉक्टर कोणती बाजू धरतात? पुढची भेट सोमवारी आहे, तोवर थांबावे का?

प्रतिसाद १ (बालरक्तविकार विभागातील परिचारिका, पुणे)

ताई, सोमवारपर्यंत थांबू नका. आजच ट्रान्सप्लांट युनिटला फोन करा आणि जुलाब, उलट्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा आहे का तेही सांगा, कारण तीव्र जीव्हीएचडी त्वचेबरोबर यकृताला आणि आतड्यालाही धरतो. पुरळ औषधाचे किंवा विषाणूचेही असू शकते, म्हणून मनाने कोणत्याही गोळीचा डोस बदलू नका.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर, ल्युकेमियात दात्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगपेशींवरही हल्ला करतात, त्यामुळे थोड्याशा जीव्हीएचडीचा तिथे काही उपयोग तरी होतो. थॅलेसेमियात असा कोणताच फायदा नसतो, तो निव्वळ त्रास आहे. म्हणून जीव्हीएचडी निश्चित झाला तर सहसा आधी तोच आवरतात. दात्याच्या पेशी ८२ टक्के असणे म्हणजे प्रत्यारोपण फसले असे नव्हे. मिश्र कायमेरिझम (दात्याच्या आणि स्वतःच्या पेशी एकत्र) असलेली कित्येक मुले वर्षानुवर्षे रक्ताशिवाय राहतात. आकडा झपाट्याने उतरतो आहे की स्थिरावतो आहे, हे पाहण्यासाठी तपासणी लवकर पुन्हा करतील.

सायक्लोस्पोरीनच्या पातळीसाठी रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचे असते. डोस सोबत न्या आणि रक्त दिल्यावर पाजा. पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद ठेवा, त्याने ही पातळी वाढते. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा झटका आल्यास रात्रही न पाहता रुग्णालय गाठा.

प्रतिसाद २ (एक वडील, नागपूर)

वर सर्व योग्यच सांगितले आहे. मी पुढच्या काळाबद्दल लिहितो. रक्त बदलले तरी इतकी वर्षे चढवलेल्या रक्तातून यकृतात आणि हृदयात साठलेले लोह तिथेच राहते. आमच्या मुलाचे प्रत्यारोपण स्थिरावल्यावर ठरावीक अंतराने शिरेतून रक्त काढून ते उतरवले. ज्या हातात जन्मभर पिशवीतले रक्त जात होते, त्याच हातातून रक्त पिशवीत जाताना तो टक लावून पाहत राही. तुमचा दाता मायनर आहे, त्यामुळे मुलीचे हिमोग्लोबिन पुढेही १० ते ११ च्या आसपास राहू शकते. आमच्याकडे असाच अहवाल पाहून गावातल्या एका डॉक्टरांनी लोहाचे टॉनिक लिहून दिले होते. ते अजिबात देऊ नका.

प्रतिसाद ३ (जनुकीय समुपदेशक, मुंबई)

एक गोष्ट आजच फाइलमध्ये नोंदवून ठेवा. यापुढे मुलीच्या रक्ताची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) तपासणी भावासारखी, म्हणजे मायनरची दिसेल, पण तिच्या बीजांडांतील जनुके तिची स्वतःचीच राहतात. तिचे प्रत्येक अपत्य किमान वाहक असेल, म्हणून लग्नाआधी जोडीदाराची तपासणी अत्यावश्यक आहे. प्रत्यारोपणाआधी बुसल्फान (जुना बोन मॅरो नष्ट करणारे औषध) दिले असेल तर अंडाशयावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे वयात येण्याच्या सुमारास अंतःस्रावतज्ज्ञांना दाखवा. प्रत्यारोपणापूर्वीचा जनुक अहवाल जपून ठेवा. नंतरच्या रक्तातून तो पुन्हा तसा मिळणार नाही.