काठावर नाव आहे म्हणजे अस्सल?

‘जुन्या लष्करी पदकाच्या काठावर शिपायाचं नाव कोरलेलं असलं की डोळे मिटून विकत घ्या’ असं कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. आयडीएसएमच्या, म्हणजे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलच्या बाबतीत नाव म्हणजेच सगळं, हे खरं. १९०७ ते १९४७ या काळातलं हे पदक खास हिंदी सैनिकांसाठीचं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोनचार शब्द. कोणत्या लढाईत, काय केलं म्हणून मिळालं, ते पदकावर कुठेच नाही. त्यामुळे काठावरचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण एवढाच धागा हाती उरतो. पण तोच धागा खोटाही विणता येतो ना! साध्या पदकाचं नाव कानशीने उडवायचं आणि एखाद्या मराठा पलटणीच्या शिपायाचं कोरायचं, की भाव कुठच्या कुठे.

मी हे चोरबाजारात शिकलो, पैसे मोजून. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं वॉर मेडल होतं, नाव स्पष्ट, अक्षरं जरा जास्तच कोरी. घरी आल्यावर मुलाचं व्हर्नियर कॅलिपर लावलं (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर ते खणातच पडून होतं). व्यास ३६ मिलिमीटर हवा. आडवा बरोबर भरला, तिरपा मात्र कमी. म्हणजे जिथे नाव होतं तिथेच काठ घासलेला. आता कॅलिपर खिशात घेऊनच जातो. दुकानदार तोंड वाकडं करतात. काही जण मात्र ते बघूनच किंमत उतरवतात.