अचानक मिळालेली सुट्टी : मुलांना गुंतवून ठेवायलाच हवे का?

उंबरा (धागाकर्ता)

अतिवृष्टी, उष्णतेची लाट, संप, फुटलेली जलवाहिनी, कारण कोणतेही असो, 'उद्या शाळा बंद राहील' असा निरोप रात्री उशिरा येतो आणि पालकांच्या गटावर लगेच एकच प्रश्न फिरू लागतो : आता दिवसभर मुलांचे करायचे काय? सकाळ होईपर्यंत संग्रहालय, तरणतलाव, एखादी चित्रकलेची कार्यशाळा अशी यादी तयार झालेली असते आणि मुलाला मिळालेली सुट्टी त्याच्या हाती पडण्यापूर्वीच भरून गेलेली असते. माझे मत असे की ही यादी करूच नये. मोठ्या सुट्टीतील शिबिरे आणि प्रवास आधीच ठरलेले असतात. ज्या दिवसावर कोणाचाच हक्क नाही असा दिवस शहरातील मुलाच्या वाट्याला केवळ या आगंतुक सुट्टीमुळेच येतो.

'कंटाळा आला' हे शब्द कानी पडताच मोठी माणसे पाहुण्याची गैरसोय झाल्यासारखी धावून जातात, त्यामुळे त्यानंतरच्या अर्ध्या तासात काय घडले असते ते त्यांना कधी दिसतच नाही. मूल कुरकुरते, येरझारा घालते, भावंडाची खोडी काढते आणि मग केव्हातरी खुर्च्या एकामागे एक मांडून त्यांची बस करते, जुन्या वहीच्या पानांची तिकिटे फाडते आणि जागेवर नसलेल्या प्रवाशांना पुढे सरकायला सांगते. सॅन्डी मान आणि रिबेका कॅडमन या ब्रिटिश संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना दूरध्वनी पुस्तिकेतील क्रमांक उतरवून काढण्याचे रटाळ काम दिले होते. त्यानंतर साध्या पेल्यांचे निरनिराळे उपयोग सुचवायला सांगितले तेव्हा या कंटाळलेल्या गटाने इतरांपेक्षा अधिक उपयोग सुचवले.

तळटीप

असहमत. आपण दिलेल्या प्रयोगात भाग घेणारी माणसे प्रौढ होती आणि त्यांचा कंटाळा काही मिनिटांचा होता. त्यावरून सात वर्षांच्या मुलाच्या संपूर्ण दिवसाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय कंटाळा आणि खुर्च्यांची बस यांच्यामध्ये जो अर्धा तास आपण गृहीत धरला आहे, तो आता उरलेला नाही, कारण मोबाइल हाताशीच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल आवश्यक असते. शाळेच्या दिवशी मधल्या सुट्टीत आणि जाण्यायेण्यात तिचा काही भाग कोणी न ठरवताही पार पडतो. शाळा बंद झाली की तोही बंद होतो. बाहेर पडणे शक्य नसताना दोन खोल्यांच्या घरात मुलाला दम लागेपर्यंत पळवायचे कसे, हे कोणीतरी आधी ठरवावेच लागते. फरशीवर चिकटपट्टीने उड्यांचे चौकोन आखावेत, जिने चढण्याउतरण्याची शर्यत लावावी. पण ते आपोआप घडेल या भरवशावर राहू नये.

गच्ची

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून असे वाटले की दोघांच्याही घरी दिवसभर कोणीतरी मोठे माणूस असते. ज्या घरातील दोघांनाही सकाळी कामावर हजर व्हावेच लागते, त्या घरात प्रश्न मुलाला गुंतवण्याचा नसून सांभाळण्याचा असतो, आणि त्याचे उत्तर घरात सापडत नाही.

हा प्रश्न जुना आहे. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह जानेवारी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत सुरू झाले. तेथील आईवडील कामावर गेले की लहान मुले दिवसभर इमारतीत मोकाट फिरत आणि भिंती खराब करत. म्हणून इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने त्याच इमारतीत एक खोली दिली. शिक्षणाचा सगळा विचार त्या खोलीत आकाराला आला, हे खरे. परंतु खोली मिळाली ती भिंतींच्या काळजीपोटी! आपल्या काळातील गृहसंकुलांत सभागृहे आहेत, वस्त्यांत वाचनालये आहेत, आणि शाळा ज्या दिवशी बंद असते नेमक्या त्याच दिवशी त्यांची दारे मुलांसाठी उघडत नाहीत.

उंबरा

गच्ची यांचा मुद्दा मान्य आहे. मात्र सभागृह उघडले की पाठोपाठ कोणीतरी वेळापत्रक घेऊन येईल, ही भीती मला वाटते. देखरेख आणि नियोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत होते म्हणूनच पालक दमतात. डॅनिश उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की त्यांनी आखलेल्या क्रीडांगणांपेक्षा मुले अर्धवट बांधकामांच्या जागी अधिक रमतात; त्यातून १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप भागात लाकडे, विटा आणि टाकाऊ वस्तूंचे क्रीडांगण उभे राहिले. तेथे मोठे माणूस हजर असे. काय बांधायचे, हे मात्र मुलेच ठरवत.

कानामात्रा

'यादी नको' हा सल्ला सगळ्या मुलांना सारखा लागू पडत नाही. आमचा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या दृष्टीने अचानक सुट्टी म्हणजे मोकळा दिवस नसून मोडलेला दिवस असतो. दाराजवळ त्याच्या दिनक्रमाच्या चित्रांची पट्टी लावलेली आहे. अशा सकाळी आम्ही त्यातील शाळेचे चित्र त्याच्याच हाताने काढून घेतो, त्या जागी घराचे लावतो आणि मग पुढची चित्रे एकेक करून नव्याने बसवतो. ते केल्याशिवाय तो बूट काढायलाही तयार होत नाही. अशा मुलाला रिकामा दिवस देणे याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

दुसरे असे की, पूर्वी मुलांना मोकळे सोडले जाई ते इतर मुलांमध्ये. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची सुमारे ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले, आणि त्यामागे वाढत्या वाहतुकीची पालकांना वाटणारी धास्ती हे मोठे कारण होते. रस्ता गेला आणि सवंगडीही गेले. उरला तो बंद सदनिकेतील एकटेपणा, आणि आपण त्यालाच कंटाळा म्हणून गौरवतो आहोत.

तळटीप

देखरेख आणि नियोजन यांतील फरक पटला, पण घरून काम करणाऱ्याला बैठक सुरू असताना देखरेखही जमत नाही, हे कोणी बोलत नाही. त्या तासापुरता मोबाइल किंवा टीव्हीचा पडदा लागतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये शाळकरी मुलांसाठी तासांची ठरावीक मर्यादा बाजूला ठेवून प्रत्येक कुटुंबाने स्वतःचे नियम आखावेत, अशी भूमिका घेतली. तेव्हा कोणता कार्यक्रम पाहायचा आणि तो संपला की काय करायचे, हे मुलाबरोबर आधी ठरवावे आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी. हेही नियोजनच झाले, असे उंबरा म्हणतील. माझी हरकत नाही.

गच्ची

सभागृहाविषयी राहिलेले सांगतो. आमच्या इमारतीत पालकांनी पाळीपाळीने थांबण्याची तयारी दाखवली, वयोगट ठरले, दूरध्वनी क्रमांकांचा तक्ताही झाला. गाडी अडली ती एकाच प्रश्नावर : खेळताना एखादे मूल पडले, तर जबाबदारी पाळीवर असलेल्या पालकाची, समितीची की मुलाच्या घरच्यांची? लेखी संमतीपत्र घ्यावे असे काहींचे म्हणणे आहे, तर शेजाऱ्याच्या मुलाला सांभाळायला कागद कशाला, असे इतरांचे. तोवर किल्ली समितीकडेच आहे. ज्यांच्या इमारतीत यावर तोडगा निघाला असेल, त्यांनी तो येथे सविस्तर लिहावा.