अमेरिकेतील गौरेतर स्त्रियांचा लैंगिक छळ : वंश आणि लिंग वेगळे मोजता येतात का?

चर्चाप्रस्ताव – मुक्ता
नोकरीच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हा लिंगभेदच आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मान्य केले ते मिशेल विन्सन या कृष्णवर्णीय बँक कर्मचारी स्त्रीच्या खटल्यात. तरीही अशा स्त्रियांच्याच पदरी अपुरी भरपाई पडते. १९९१ च्या नागरी हक्क कायद्याने लिंगभेदाच्या दाव्यात मनस्तापाच्या आणि दंडात्मक भरपाईवर मिळून कमाल ३ लाख डॉलरची मर्यादा घातली असून शंभरपर्यंत कर्मचारी असलेल्या ठिकाणी ती अवघी ५० हजार आहे. वंशभेदाच्या दाव्याला मात्र मूळच्या १८६६ च्या कायद्याचा आधार घेता येतो आणि त्यात अशी मर्यादा नाही. साहेब जेव्हा कातडीच्या रंगावरून एखादीच्या शरीराबद्दल घाणेरडे बोलतो, तेव्हा त्या एकाच वाक्याचे दोन तुकडे कसे पाडायचे? हा अन्याय एकत्रितच तोलला जावा.

प्रतिसाद – श्रीरंग
हे पटत नाही. विन्सन यांनी ज्या वरिष्ठावर आरोप केले, तोही कृष्णवर्णीयच होता. तक्रार अधिकाराच्या गैरवापराची होती. वंशाचा मुद्दा जोडला की आधीच गांजलेल्या स्त्रीवर दोन गोष्टी सिद्ध करण्याचे ओझे येते. मर्यादा काढायची तर सर्वच स्त्रियांसाठी काढावी.

प्रतिसाद – मुक्ता
मर्यादा सर्वांसाठी काढण्यास माझे अनुमोदनच आहे. परंतु दोघे एकाच वंशाचे असले म्हणून वंशाचा प्रश्न मिटत नाही. १९९१ साली कायद्याच्या प्राध्यापक अनिता हिल यांनी आपले पूर्वीचे वरिष्ठ आणि सर्वोच्च न्यायालयासाठी नामांकन मिळालेले क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले, तेव्हा थॉमस यांनी ते फेटाळताना सिनेटच्या सुनावणीलाच ‘हायटेक लिंचिंग’ म्हटले; लिंचिंग म्हणजे कृष्णवर्णीयांचे जमावाने केलेले खून. वंशाच्या इतिहासाची ढाल पुरुषाला मिळाली आणि त्याच वंशाच्या हिल एकाकी पडल्या.

प्रतिसाद – गार्गी
एच-१बी या मालकाच्या अर्जावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्याकडच्या मुलींचाही विचार व्हावा. वरिष्ठ ग्रीन कार्डच्या अर्जाची आठवण करून देत रात्रीच्या जेवणाचा आग्रह धरतो, आणि नोकरी सुटली तर नवी शोधायला सहसा ६० दिवसच मिळतात, हे तिला पुरते ठाऊक असते. कायदा तिलाही संरक्षण देतो, पण तक्रार करण्याचे धाडस तिने कशाच्या बळावर करायचे?

प्रतिसाद – श्रीरंग
तिची कोंडी खरी आहे, पण ती व्हिसामुळे आहे. त्याच व्हिसावरील गोऱ्या युरोपीय स्त्रीचीही तीच गत होईल. मला अधिक निकडीची वाटते ती निराळीच गोष्ट : १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील नोकरीतील भेदभावाविरुद्धचा भाग पंधरापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मालकाला लागूच होत नाही. त्यामुळे एखाद्या घरात एकटीने मुले सांभाळणारी किंवा साफसफाई करणारी बाई, आणि या कामांत गौरेतर स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, वंश आणि लिंग या दोन्ही दाव्यांच्या बाबतीत त्या कायद्याबाहेरच राहते. आधी ही अट काढा.