मदत हवी आहे: फ्राक्टुरमधली पाच अक्षरं वेगळीच दिसतात
नमस्कार मंडळी, ली बीजगणित या गणिताच्या शाखेच्या नोट्स टाइप करतेय. त्यात जी, एच ही अक्षरं जुन्या जर्मन वळणाची, म्हणजे फ्राक्टुर लागतात. लाटेक्समध्ये (गणिती मजकूर टाइप करायची प्रणाली) 'मॅथफ्राक' या आज्ञेने काम झकास होतं. अडचण येते ती तीच अक्षरं युनिकोडमधून, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकातून, साध्या मजकुरात घेताना. कॅपिटल सी, एच, आय, आर आणि झेड बाकीच्यांपेक्षा जाड दिसतात, रेषेच्या किंचित खालीही बसतात. एका ओळीत ए आणि एच शेजारी आले की डोळ्यांना खुपतं.

कारण सापडलं. 2001 साली युनिकोड 3.1 मध्ये गणिती अक्षरांचा गट आला, पण ही पाच त्याआधीच दुसऱ्या गटात होती. म्हणून नव्या गटात त्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या. माझा फॉन्ट बहुधा एकाच गटाला पुरतो आणि उरलेली अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून येतात.

दोन्ही गट एकाच वळणात देणारा मोफत फॉन्ट कुणी वापरलाय का?

आणखी एक, माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. माझी मैत्रीण स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचते आणि तिचा रीडर ही अक्षरं चक्क गाळतो. सूत्रातलं नेमकं चिन्हच तिला ऐकू येत नाही. मॅथएमएलने (वेबपानांवर सूत्रं लिहायची भाषा) हे सुटतं का? अनुभव असेल तर जरूर सांगा.