गाठ लहान, तरी आधी केमो का?

स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल एक प्रश्न विचारला जातो: गाठ लहान असूनही डॉक्टर ऑपरेशनआधी केमो का सांगतात? इथे आकारापेक्षा जागा महत्त्वाची. आतड्याला आणि यकृताला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या स्वादुपिंडाला अगदी खेटून जातात. गाठीने त्यांना वेढलं असेल तर ती पूर्ण निघत नाही, आणि अर्धवट काढून फायदा नाही. म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन करता येईल का ते पाहायला पुन्हा सीटी स्कॅन.

हमखास राहून जातं ते पचनाचं. शौचाला तेलकट होत असेल, वजन उतरत असेल तर एन्झाइमच्या (एरवी स्वादुपिंडातून येणाऱ्या पाचक रसाच्या) कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. त्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात. उपाशीपोटी उपयोग नाही.