टक्के आले कुठून?

घर निवडायला एक्सेलमध्ये पाणी, अंतर, किंमत अशा निकषांना महत्त्वाप्रमाणे थेट टक्के दिले की काम झालं, असा एक सल्ला असतो. गोची तिथेच आहे. 'पाण्याला 30 टक्के' हा आकडा आला कुठून? गणितज्ञ थॉमस साटी यांची 1970च्या दशकातली एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) ही निर्णय घेण्याची पद्धत बघा. एका वेळी दोनच निकष समोर ठेवायचे आणि कोणता दुसऱ्यापेक्षा किती महत्त्वाचा ते 1 (सारखेच) ते 9 (कितीतरी जास्त) मध्ये सांगायचं; टक्के या उत्तरांवरून निघतात. पाच निकषांच्या 10 जोड्या होतात, दहांच्या थेट 45! म्हणून यादी आटोपशीर ठेवा, नाहीतर शेवटी शेवटी माणूस काहीही ठोकून देतो.

खरी मजा सुसंगतीच्या तपासणीत आहे. पाणी अंतरापेक्षा महत्त्वाचं, अंतर किमतीपेक्षा आणि किंमत पुन्हा पाण्यापेक्षा, अशी उत्तरं दिलीत की सुसंगती गुणोत्तर, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा, फुगतं. ते 0.10 च्या वर गेलं की सॉफ्टवेअर टोकतं. थेट टक्के लिहिले तर ही विसंगती दिसतच नाही.

एक खोट मात्र आहे. यादीत नवा फ्लॅट घातला की जुन्या दोघांचा आपसातला क्रम उलटू शकतो. त्यामुळे निकषांची वजनं, म्हणजे हे टक्के, थोडी हलवून बघाच. पाणी 30 वरून 25 वर आणल्याने पहिला नंबर बदलत असेल, तर पहिले दोन्ही फ्लॅट सारखेच समजा आणि घरच्यांना आवडलाय तो घ्या.