शाळेचा बीएमआय रिपोर्ट आणि लिफ्टमधली कॉमेंट

३०२ ताई: काल लिफ्टमध्ये माझ्या मुलाला "शाळेने तुला लठ्ठ लिहिलंय म्हणे" असं ज्यांनी विचारलं त्यांनी आता इथे बोलावं. नाव घेत नाही. पोरगं रात्री जेवलं नाही.

७०४ काका: अहो मस्करी होती. आणि चूक शाळेचीच आहे. १४० सेंमी, ४५ किलो, वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय, तो आला २३. २५ च्या खाली नॉर्मल.

३०२ ताई: त्याचं वजन तुम्हाला कसं माहीत??

७०४ काका: नातवाच्याच वर्गात ना तो. रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचले म्हणे

१०१ डॉक्टर वहिनी: काका २५ चा आकडा मोठ्या माणसांचा. मुलांचं वय आणि मुलगा की मुलगी बघून चार्टवर पर्सेंटाइल काढतात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या चार्टवर ८५ पासून ओव्हरवेट, ९५ पासून लठ्ठपणा. १० वर्षांच्या मुलाला २३ म्हणजे ९५ च्या वर, तोच २३ पंधराव्या वर्षी नॉर्मलमध्ये बसतो

सेक्रेटरी: टाकी सफाई आज ११ ते २. पाणी भरून ठेवा.

२०३ आजी: बाळसं आहे ते. उंची वाढली की जिरेल

५०१: आमच्या कन्येला ८८ पर्सेंटाइल, गणितात कधी एवढे पडले नव्हते 😂

१०१ डॉक्टर वहिनी: भाऊ ते मार्क नव्हेत. तिच्या वयाच्या १०० मुलींत साधारण ८८ जणींचा बीएमआय तिच्यापेक्षा कमी, असा अर्थ

५०१: 😐

७०४ काका: २५ च्या खाली नॉर्मल.

३०२ ताई: वहिनी तो वर्षभर पोहतोय, स्नायूंचं वजन नसेल का?

१०१ डॉक्टर वहिनी: असू शकतं, बीएमआयला चरबी कुठली न् स्नायू कुठले ते कळत नाही, म्हणून ती नुसती चाळणी, निदान नाही. मागच्या दोन-तीन वर्षांची वजन-उंची घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, रेघ एकदम वर चढलीये का ते बघतील. आणि घरच्या घरी डाएट नको हं, वाढीचं वय आहे

६०२: पण पोरांनी खेळायचं कुठे? पार्किंगमध्ये बॉल कोणी बंद केला माहितीये सगळ्यांना

सेक्रेटरी: ठराव एकमताने झाला होता.

६०२: हो, ७ जणांचं एकमत

२०३ आजी: बाळसं आहे ते

७०४ काका: ताई राग नसावा, संध्याकाळी सॉरी म्हणतो त्याला. पण २३ नॉर्मलच.

३०२ ताई: त्याला काहीच म्हणू नका. तो लिफ्टमध्ये असला तर तुम्ही जिन्याने जा.

७०४ काका: सातव्या मजल्यावर??

६०२: काका तुमचा बीएमआय किती हो 😂